गप्प बसवणारं प्रथिन

दादाच्या मेंदूला विषाणूने ग्रासलं, त्याला वर्ष होत आलं. तो बरा झाला, हिंडूफिरू लागला, माझ्याशी पूर्वीसारखा भांडूही लागला. फक्त झोपेना. हा विषाणू औषधांनी पुरता जात नाही, चेतापेशींमध्ये दडून बसतो, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि दादाने एकच पालुपद धरलं : "मी डोळे मिटले आणि तो उठला तर?" माणूस सुतार. जागरणाने हात थरथरायला लागले, तेव्हा वहिनीने करवतच लपवून ठेवली.

मी नेमका हाच विषाणू अभ्यासते, पण धाकट्या बहिणीचं ऐकतो कोण!

"अरे, तो एकटा काही करू शकत नाही," मी म्हणायचे. "त्याची जनुकं वाचायची की नाही, हे आपल्याच पेशीतली प्रथिनं ठरवतात. काही वाचायला लावतात, काही वाचूच देत नाहीत."

"तू पाहिलंयस?"

"कितीदा तरी."

"मग मला दाखव."

घेऊन गेले. प्रयोगशाळेत आमच्या दोन बश्या तयार होत्या. दोन्हींत चेतापेशी वाढवलेल्या, दोन्हींत विषाणू. एका बशीतल्या पेशींमधून वाचू न देणारं एक प्रथिन काढून टाकलेलं, दुसरी जशीच्या तशी. विषाणूची जनुकं वाचली गेली की पेशी हिरवी चमकेल, अशी सोय आम्ही केली होती. 'जशीच्या तशी' लिहिलेली बशी मी ऐटीत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. इथे काळोखच दिसणार होता.

दादाने डोळे लावले. "अगं, हे तर सगळं हिरवंगार आहे."

मी पाहिलं. खरंच होतं. दादा नुसता हात पुसत राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला रडूच यायला लागलं होतं, तेवढ्यात लक्षात आलं की बशीवर नाव नाहीच; आहे ते झाकणावर.

"चष्मिष!" मी माझ्या सहकाऱ्यावर ओरडले. "नाव कुठे लिहिलंस?"

"झाकणावर. का?"

"आणि पेशींचं पोषक पाणी बदलताना?"

"दोन्ही झाकणं काढून शेजारी ठे..." त्याने जीभ चावली.

झाकणांची अदलाबदल कुणालाही होते, म्हणून तर नाव बशीच्या बुडाला लिहायचं असतं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण रागावून बशी ओळखता येत नाही. त्या प्रथिनाला लाल रंग चढवणारी चाचणी लावली. दादाला म्हटलं, "घरी जा, वेळ लागेल." तो बाहेरच्या बाकावर ताठ बसून राहिला.

संध्याकाळ होता होता त्याला आत बोलावलं. हिरव्या बशीत लाल कुठेच नव्हतं, म्हणजे प्रथिन काढलेली बशी तीच. काळोख्या बशीत मात्र प्रत्येक पेशीच्या मधोमध लाल ठिपका पेटलेला होता. मी ही चाचणी कितीदा केली असेल, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. त्या प्रथिनाला ना डोळे, ना डोकं, तरी प्रत्येक ठिपका विषाणूचं तोंड दाबून आपल्या जागी बसला होता.

"या सगळ्यांत विषाणू आहे?" दादाने कुजबुजत विचारलं.

"जवळजवळ सगळ्यांत."

"आणि असं बसायला त्यांना कोण सांगतं?"

"कुणीच नाही. पेशी आपलं आपणच करतात."

"माझ्याही?"

"तुझ्याही. पण कायमची हमी मी देणार नाही, दादा. कधी कधी पहारा ढिला पडतो."

तो बराच वेळ भिंगातून पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी जागून यांना काडीचीही मदत होत नाही."

"काडीचीही नाही."

मी नवी बशी घेतली आणि बुडाला ठळक अक्षरांत नाव घातलं. चष्मिषला आणखी चार शब्द सुनावायचे होते, म्हणून मागे वळले, तर त्यानेच ओठांवर बोट ठेवलं. सूक्ष्मदर्शकासमोरच्या खुर्चीत, हातावर गाल टेकून, दादा घोरत होता.