चिकटवलेला बोल्ट

लेकीला शाळेत सोडायला निघताना ताईने मागच्या सीटचा पट्टा ओढला, तर पट्ट्याबरोबर बोल्टच हातात आला. त्याच्या आट्यांमध्ये राखाडी, कडक असं काहीतरी भरलं होतं. तिने नखाने टोकरून पाहिलं. इपॉक्सी! फुटलेल्या फुलदाणीला लावतात ते.

ताई हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायची. गाडीत पट्टा नसला की माणसाचं काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आणि ही गाडी दुरुस्त करून दिली होती तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने.

लेकीला चालतच शाळेत पोचवून ती गाडी घेऊन तडक गॅरेजवर थडकली. बोल्ट भावापुढे आपटला.

"हे काय आहे?"

"अगं, जुनी गाडी. आटे पार झिजले होते. भरलं थोडं इपॉक्सी. काय बिघडलं?"

"नंबरप्लेट चिकटव हवी तेवढी! या पट्ट्याच्या भरवशावर माझी पोर बसते!"

"हळू बोल ना, गिऱ्हाइकं आहेत. ते दगडासारखं धरतं गं."

"असं? दुसऱ्या बाजूलाही तेच भरलंयस ना? मग बस तिथे. लाव पट्टा. मी गाडी पळवते आणि कचकन ब्रेक मारते."

भाऊ हसला. ती हसली नाही. तिने मागचं दार सताड उघडून धरलं.

"काहीतरीच काय, ताई!" तो दोन पावलं मागे सरला.

"का? तुझा जीव तेवढा जीव? मामा ना रे तू तिचा?"

भावाची मान खाली गेली. त्याने दोन्हीकडचं इपॉक्सी खरवडून काढलं, भोकं मोठी केली, आतून नवे आटे असलेल्या पोलादी नळ्या बसवल्या आणि बोल्ट आवळले. ताई डोक्यावर उभीच होती. शेवटी तिने पाय रोवून दोन्ही पट्टे खेचून पाहिले. हलले नाहीत.

"झालं ना मनासारखं? चहा सांगू?" भावाने विचारलं.

तेवढ्यात बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांपैकी एक आजोबा उठले. "माझ्या गाडीत काय भरलंय हो?"

भाऊ पाठ फिरवून हात पुसू लागला. ताईच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. तिने स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर ठाण मांडलं.

"चहा राहू दे. आणखी कुणाकुणाला असं चिकटवून दिलंयस? एकेकाला बोलावून घे. लाव फोन, मी बसलेय."