मधल्या दट्ट्याचा टक्

मित्रांनो, मी एक जुना ट्रम्पेट आहे, आणि मनात राग धरून ठेवणारा आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे गोड गोष्टीची वाट पाहत कुणी ताटकळायला नको. तुमच्या शाळेच्या बँडखोलीत, मोठ्या ढोलाच्या वरच्या खुंटीला मी टांगलेला असतो. तुम्ही माझ्या कर्ण्यात खडूचे तुकडे टाकता, तेही मला ठाऊक आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. पितळेचा पत्रा ठोकून, वाकवून, घासून मला घडवलं आणि माझ्या पोटात तीन दट्टे बसवले. दट्टा दाबला की सूर बदलतो, सोडला की तो टुणकन वर येतो. दुकानाच्या काचेआड मी वर्षभर होतो. मग एक माणूस आला, त्याने मला हातात घेतलं आणि फुंकर मारली. त्याचे गाल असे काही फुगले की दुकानदाराला हसू आवरेना. त्या गालांवरूनच सगळे त्याला गालफुग्या म्हणत.

गालफुग्या जाझ वाजवायचा. मित्रांनो, हे संगीत समुद्रापलीकडून आलेलं. ज्यांच्या आजापणजांना गुलाम म्हणून विकलं होतं, त्या लोकांनी ते उभं केलं. कागदावरचं तेवढंच वाजवायचं नाही, एकदा सूर धरला की तो आपल्या मनाने फिरवायचा, हा त्यांचा रिवाज. त्यांच्या तबकड्या जहाजांतून बंदरोबंदरी पोचल्या. ज्यांनी तो मुलूख कधी पाहिला नव्हता, त्यांचेही पाय ठेका धरू लागले. नाच बदलले, नाटकांतली गाणी बदलली, टोप्या घालायची तऱ्हासुद्धा बदलली. पण वाजवणाऱ्या कितीतरी जणांचं नाव तबकडीवर आलंच नाही. आमच्याकडेही ही रीत जहाजातूनच आली असावी.

आमचा बँड एका हॉटेलात दुपारच्या चहाला वाजवायचा. बँडमास्तर पियानोवर बसत, आमच्याकडे पाठ करून. एके दिवशी त्यांचा तो धिप्पाड पियानो जिन्यावरून चढवताना हमालाचा हात निसटला आणि पियानोचा पाय नेमका माझ्या पेटीवर आला. मला मधोमध पोचा पडला. तेव्हापासून मधला दट्टा पूर्ण दाबला की खालीच अडकून बसायचा. डाव्या हाताच्या बोटाने वर ओढला की तो टक् करून जागेवर यायचा.

मोडक्या वाद्याच्या वादकाला बँडमास्तर घरी बसवत. म्हणून गालफुग्याने ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही. ठाऊक होती ती फक्त बायकोला आणि दहा वर्षांच्या लेकीला. त्याने एक नवी चाल रचली आणि दट्टा जिथे अडकणार, तिथेच दीड मात्रेची जागा मोकळी सोडली. तेवढ्यात हनुवटी खाली घालायची, डोळे मिटायचे, काहीतरी आठवल्यासारखं करायचं आणि दट्टा ओढून घ्यायचा. टक्! मग सूर पुन्हा वर.

लोक त्या थांब्यावर फिदा झाले. नाचणारी जोडपी एक पाय हवेत धरून थांबायची. गालफुग्या घरी येऊन बायकोला म्हणायचा, "अडला हरी म्हणतात ना, तसला प्रकार. आणि लोक टाळ्या वाजवतात गं!"

त्याला सुरांची लिपी येत नव्हती. बँडमास्तर एकदा पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू वाजव, मी उतरवून घेतो. बाकीच्यांना वाचता यायला नको का?" उतरवून घेताना त्यांनी तो टक्सुद्धा उतरवला. ढोलवाल्याने काठी आपटली असेल असं त्यांना वाटलं, म्हणून ढोलाच्या ओळीत एक फुली मारून मोकळे झाले. तीन महिन्यांनी आमच्याच वाजवण्याची तबकडी निघाली. तिच्यावर लिहिलं होतं, चाल बँडमास्तरांची.

"चाल माझी आहे," गालफुग्या म्हणाला.

"पुरावा दाखव. कागद माझ्या अक्षरातला आहे."

"मी वाजवून दाखवतो ना!"

"वाजवायला काय, आता कुणालाही येतं," बँडमास्तर म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी नवा ट्रम्पेटवाला आणला.

गालफुग्या मिरवणुकांत वाजवू लागला, मग तेही सुटलं. रेडिओवर ती चाल लागली की तो उठून खिडकी लावायचा. पुढे छातीच्या दुखण्याने तो गेला. बायकोने मला पेटीसकट चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. तिथे बावीस वर्षं मी उंदरांची ये-जा ऐकली आणि एकच गोष्ट घोकली. त्या माणसाचं तोंड चारचौघांत काळं व्हायला हवं, आणि ते माझ्या हातून व्हायला हवं. तुमच्या बाई क्षमेचे धडे देतात. माझं पितळ त्या धड्यांना दाद देत नव्हतं.

या बाई म्हणजेच गालफुग्याची लेक, तुम्हाला बँड शिकवतात त्या. एके दिवशी त्यांनी शाळेसाठी आलेलं संगीताचं पुस्तक उघडलं. त्यात ती चाल होती, ती फुली होती, आणि खाली ती कशी सुचली याचा बँडमास्तरांचा खुलासा होता. तो वाचून त्यांनी शिडी लावली आणि मला खाली काढलं.  

संगीतशाळेच्या सभागृहात बँडमास्तरांचा सत्कार होता. भर दुपार, खुर्च्या गच्च. म्हातारा फळ्यावर सूर लिहून सांगत होता, "ही चाल सुचली तेव्हा माझी आई शेवटच्या घटका मोजत होती. तिचा श्वास थांबला, तो हा थांबा. भिंतीवरचं घड्याळ एकदाच वाजलं, तो हा टक्." कुणीतरी रुमाल काढला. मी पेटीत तापलो होतो.

बाई उभ्या राहिल्या. "काका, ओळखलंत? मी हॉटेलात बाबांबरोबर यायचे. तुम्ही मला पियानोवर बसवायचात."

"अरे वा! गालफुग्याची पोर तू!"

"हो. मी तुमचं घड्याळ आणलंय."

बाईंनी मला ओठांना लावलं. बावीस वर्षांची धूळ घशात होती, पण त्या दिवशी मी कुचराई केली नाही. सूर चढला, मधला दट्टा खाली गेला आणि अडकला. थांबा आला. बाईंनी मला उंच धरलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि बोटाने दट्टा वर ओढला.

टक्!

तबकडीतला तोच टक्. सभागृहातल्या प्रत्येकाने तो शंभरदा ऐकलेला होता. ढोल शिकवणारे एक गृहस्थ मोठ्यांदा म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं मी पोरांकडून बिघडलेला दट्टा वाजवून घेतोय?" लोक हसले, आणि बँडमास्तर खुर्ची चाचपू लागले.

"पोरी, तू मला काका म्हणायचीस," ते पुटपुटले.

"म्हणायचे ना, म्हणून तर इतका राग आला. आता फळ्यावरचं नाव पुसा आणि बाबांचं लिहा."

त्यांनी आपलं नाव पुसलं. खडू उचलला. आणि हात तसाच राहिला. सहा वर्षं ज्याच्याबरोबर वाजवलं, ज्याची चाल घेतली, त्याला ते फक्त गालफुग्या म्हणून ओळखत होते. खरं नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"काय नाव होतं गं त्याचं?" त्यांनी विचारलं.

बाईंनी लगेच सांगितलं नाही. दीड मात्रा थांबल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड थांबा तो. मग पहिलीतल्या मुलाला शुद्धलेखन घालावं तसं त्यांनी एकेक अक्षर सांगितलं, आणि म्हाताऱ्याने एकेक अक्षर लिहिलं.

माझा राग गेला का, म्हणाल तर नाही. निवला आहे, एवढंच. तेव्हा आता माझं एवढं ऐका. मला पुसा, माझ्या दोन दट्ट्यांना तेल घाला, कर्ण्यात खडू टाकू नका. मधल्याला मात्र हात लावायचा नाही, दुरुस्तीवाला कितीही गोड बोलला तरी. आणि ज्याच्याकडून एखादा सूर शिकाल, त्याला त्याचं पूर्ण नाव त्याच दिवशी विचारून घ्या.