फिकट अक्षरं

ताईच्या विणकामाच्या वेबसाइटसाठी रंग निवडायला धाकटीनं आठ दिवस घेतले. वेबसाइट करणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग; पण हे काम घरचं, म्हणून जीव ओतून केलेलं. ताईचे स्वेटर भडक रंगांचे. ते उठून दिसावेत म्हणून तिनं मागे सायीचा रंग ठेवला आणि अक्षरं अगदी फिकट राखाडी केली.

लॅपटॉप समोर धरल्यावर ताईनं डोळे बारीक केले. "छानच झालंय गं."

"वाच ना, तुझ्याबद्दल काय लिहिलंय ते."

"तूच वाच. तुझ्या तोंडून ऐकू दे."

धाकटीनं कौतुकानं वाचून दाखवलं.

दीड वर्षानं ताई गेली. मधुमेहानं आधी डोळे पोखरले, मग मूत्रपिंडं. डोळ्यांचं तिनं धाकटीला कळूच दिलं नव्हतं. विणायला तिला बोटं पुरायची.

महिन्याभरानं धाकटी भाऊजींकडे आली. वेबसाइट बंद करायची होती.

"एक सांगू?" भाऊजी म्हणाले. "तिला त्यातलं एकही अक्षर दिसायचं नाही. मी दिवसभर कामावर. ऑर्डर आली की शेजारच्या काकूंकडून वाचून घ्यायची."

"मग मला का नाही सांगितलं? अक्षरं काळी करायची, दोन मिनिटांचं काम!"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणे, एवढ्या हौसेनं रंग निवडलेत पोरीनं, कशाला हिरमुसली करायची तिला?"

परक्या गिऱ्हाइकांचं काम करताना अक्षरं सगळ्यांना नीट वाचता येतील ना, हे धाकटी न चुकता तपासायची. इथं तपासलं नव्हतं. ताईचंच तर काम, तिला चालेल.

तिनं तिथंच बसून अक्षरं काळीभोर केली, मोठी केली.

मग तिनं ऑर्डरी उघडल्या. सहा जणी वाट बघत होत्या. एकीनं तीनदा विचारलं होतं, बाळाचा स्वेटर कधी मिळेल? धाकटी एकेकीला कळवू लागली, ताई आता नाही. चौथीला लिहिताना तिला पुढचं दिसेना. भाऊजींनी लॅपटॉप हलकेच आपल्याकडे ओढला आणि उरलेल्या तिघींना एका बोटानं टाइप करत त्यांनी कळवलं.