आहे का कोणी घरात

लोक सुपरमार्केटात सामान घ्यायला जातात. चष्मेवाली मात्र जायची ती माणसं बघायला. खरं तर चष्म्याच्या दुकानात तिचा सगळा दिवस लोकांच्या तोंडाकडे बघण्यातच जायचा. नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची काडी जराशी वाकवायची, पुन्हा बघायचं. तरी सुटीच्या सकाळी तिला पुन्हा माणसंच हवी असायची. नवरा म्हणायचा, "आपण कांदे-बटाटे आणायला आलोय की हेरगिरी करायला?" ती म्हणायची, "तू गुपचूप ट्रॉली ढकल."

आणि तो बिचारा ढकलायचा.

तिचं म्हणणं असं की माणूस पाहुण्यांशी खोटं बोलेल, साहेबाशी बोलेल, डॉक्टरशी तर हमखास बोलेल, पण ट्रॉली खोटं बोलत नाही. वर पालेभाजीची जुडी, खाली वेफर्सची भलीमोठी पाकिटं, असे एक ढेरपोटे गृहस्थ नेहमी दिसत. फोनवर बायकोला विचारविचारून साबण घेणारा आणि तरीही चुकीचाच घेणारा एक जण होता. नवीन लग्न झालेलं जोडपं ती लांबून ओळखायची. एका टूथपेस्टपाशी उभं राहून गोडीगुलाबीने चर्चा चालली, की झालं. "जुने असते," ती नवऱ्याच्या कानात सांगायची, "तर आपापली घेऊन मोकळे झाले असते." तिचा अंदाज कधी चुकला नाही, कारण तो बरोबर की चूक, हे विचारायला ती कधी कुणाकडे गेलीच नव्हती.

त्या दिवशी नवरा कपड्यांच्या साबणाच्या रांगेत अडकला होता आणि ती फळांपाशी लिंबं निवडत होती. समोर एक बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, उंच, केस आखूड कापलेले, अंगात शाळेच्या बसचालकांचा निळा गणवेशाचा शर्ट. चष्मेवालीने सवयीने ट्रॉलीत डोकावून घेतलं. मिठापासून फिनेलपर्यंत सगळं एकेक आणि सगळं नव्याने घेतलेलं. झाडू, काडेपेटी, एकच कप. बाई गावात नवीन आहे, एकटी आहे, घर आत्ताच लावतेय. चष्मेवाली स्वतःवर खूश झाली.

मग ती बाई कलिंगडांच्या ढिगावर वाकली. बोट वाकवून तिने एका कलिंगडावर दार वाजवावं तशी टकटक केली, उजवा कान त्याला लावला आणि हळूच, अगदी स्वतःशीच विचारलं, "आहे का कोणी घरात?"

थांबली. मान हलवली. दुसरं घेतलं.

"आहे का कोणी घरात?" पुन्हा कान. आणि मग ओठांच्या कोपऱ्यात हसू. "आहेत, आहेत. चला मग आमच्याकडे."

चष्मेवालीच्या हातातली पिशवी कलंडली आणि लिंबं फरशीवर घरंगळत गेली. तिला कळलंही नाही.

कलिंगड ठोकून सगळेच बघतात. पण हे बोलणं तिच्या बाबांचं होतं. शब्दनशब्द. ती लहान असताना या खेळावर तिला उचकी लागेपर्यंत हसू यायचं. कॉलेजात गेल्यावर त्याच खेळाची तिला लाज वाटायला लागली आणि बाबा कलिंगडांकडे वळले की ती दुसरीकडे बघायची. बाबा गेल्यावर मात्र तिने तो खेळ मनात जपून ठेवला होता. हे त्यांनी आपल्यासाठी, फक्त आपल्यासाठी बनवलं होतं, असं ती धरून चालली होती.

बाईने खाली वाकून लिंबं गोळा करायला सुरुवात केली. "अहो, तुमची लिंबं."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" चष्मेवालीने विचारलं. आभार मानायचंही तिला सुचलं नाही.

"काय?"

"हे. टकटक करून विचारायचं."

बाई थोडी ओशाळली. "ऐकलंत होय? माझ्या अप्पांचं आहे ते. लहानपणीची सवय, जात नाही."

"उजवा कान का लावता?"

प्रश्न विचित्र होता. पण चष्मेवालीच्या चेहऱ्यावर काहीतरी असावं, कारण बाईने सरळ उत्तर दिलं. "अप्पांना डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. ते उजवा लावायचे, म्हणून मीही लावते. माझे दोन्ही चांगले आहेत."

बाबांशी बोलायचं तर त्यांच्या उजव्या बाजूला बसावं लागायचं. जेवणाच्या टेबलावर तिची जागा त्यामुळेच ठरली होती.

"काय करायचे ते? म्हणजे, काम?"

"लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यातच गेले. मी आठ वर्षांची होते. लिफ्टच्या खड्ड्यात पडले. आई म्हणाली, बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून घरी आणलंच नाही." बाईने हातातली लिंबं पिशवीत टाकली. "का हो? असं का विचारताय?"

इथे चष्मेवाली गप्प बसली असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं. पण तोंडातून निघून गेलं. "माझे बाबाही असंच करायचे. हेच म्हणायचे. तेही लिफ्टचंच काम करायचे आणि त्यांचाही डावा कान..."

"करायचे म्हणजे?"

"गेले ते. तीन वर्षं झाली. घरीच, झोपेत."

मागून कुणीतरी ट्रॉली घेऊन आलं आणि "जरा बाजूला होता का" म्हणालं. दोघी बाजूला झाल्या. चष्मेवालीने पर्समधून फोन काढला. दोनदा चुकीचा फोटो उघडला. तिसरा बाबांच्या शेवटच्या वाढदिवसाचा होता. खुर्चीत बसलेले, अंगात लोकरी जाकीट, समोर केक.

बाईने फोन हातात घेतला. चेहरा मोठा करून पाहिला. डोळे, मग नाक, मग डाव्या भुवईवरचा व्रण. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं चष्मेवालीला दिसत होतं. तोंडाकडे बघणं हे तिचं रोजचं काम होतं, पण असं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं.

"हे म्हातारे झाले," बाई म्हणाली.

मग तांदळाच्या पोत्यांची थप्पी होती तिच्यावर ती बसली आणि पुन्हा म्हणाली, "इतके म्हातारे झाले?"

चष्मेवालीला वाटलं, तिच्या खांद्यावर हात ठेवावा. पण तो आपण कोण म्हणून ठेवायचा, हे तिला ठरवता येईना. बाईने फोन परत दिला. स्वतःच्या फोनवर चष्मेवालीचा नंबर टाकून घेतला. आणि भरलेली ट्रॉली, कप, झाडू, कलिंगड, सगळं तिथेच सोडून सरकत्या दारातून निघून गेली.

नवरा साबण घेऊन आला तेव्हा बायको एका परक्या ट्रॉलीचा दांडा धरून उभी होती. त्याने काहीतरी थट्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. "चल घरी," एवढंच म्हणाला.

घरी आई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. ती यांच्याकडेच राहायची, बाबा गेल्यापासून. चष्मेवालीने पर्सही खाली ठेवली नाही.

"आई, बाबांना आधीची एक मुलगी होती?"

आईचे हात थांबले नाहीत. एक शेंग सोलून झाली, दाणे वाडग्यात पडले.

"भेटली का तुला?" आईने विचारलं.

वाटेत तिने मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं: आई दचकेल, नाही म्हणेल, रडेल, मग आपण तिला सावरू. सावरायला ती तयार होऊन आली होती.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"आणि तिची आई?"

"होती ना. जिवंत होती. त्या दोघी त्यांच्या गावी, आम्ही इकडे."

"मग तुमचं लग्न?"

आईने भिंतीकडे पाहिलं. तिथे दोघांचा फोटो होता, आई नव्या साडीत, बाबा कोटात, केस तेल लावून चापून बसवलेले. "लग्न कुठलं झालं. स्टुडिओत जाऊन फोटो काढला तेवढा. कोट फोटोवाल्याचा होता."

चष्मेवाली जन्मापासून तो फोटो बघत आली होती. त्यावरची धूळ तिने कितीदा पुसली होती. आता तिला त्यात कोटाच्या बाह्या दिसल्या, पार बोटांच्या पेरांपर्यंत आलेल्या. बाबा आखूड हातांचे होते. हे आपल्याला आजवर कसं दिसलं नाही?

"मला सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगायचं?" आईच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता, खूप जुना. "तू शाळेत होतीस तेव्हा? तुझं लग्न ठरत होतं तेव्हा? दर वेळी वाटायचं, पुढच्या खेपेला सांगू. इतकी वर्षं बेल वाजली की वाटायचं, आली ती. दुसरं कुणी उठायच्या आत मीच दाराकडे धावायचे. मग हे गेले, आणि मला वाटलं, सुटले आता."

"बाबा कधी बोलायचे तिच्याबद्दल?"

"नाही. एकदा तू दोन वर्षांची असशील, त्यांच्या कलिंगडाच्या त्या खेळाला पहिल्यांदा खदखदून हसलीस. हे न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून बसले. बाहेर आले तर डोळे लाल. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मग जा म्हणावं लागलं असतं."

तिने पुढची शेंग उचलली, पण सोलली नाही. "कशी आहे दिसायला?"

"उंच आहे," चष्मेवाली म्हणाली. "शाळेची बस चालवते." आणि ती आतल्या खोलीत गेली. त्या दिवशी ती आईशी आणखी काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

फोन आला तो कामावर असताना. एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम होती.

"मी बसवाली बोलतेय," पलीकडून आवाज आला. "मला फोटो बघायचेत. आधीचेही. सगळे."

शाळेमागच्या मैदानात बस उभी होती. दुपारी मुलं वर्गात असतात तेवढाच वेळ बाईला मोकळा असायचा. आत शिळ्या डब्यांचा आणि रबराचा वास होता, आणि बाकं इतकी बुटकी की चष्मेवालीचे गुडघे हनुवटीला लागत होते. बाई चालकाच्या सीटवर आडवी वळून बसली आणि चष्मेवालीने आणलेला अल्बम मांडीवर घेऊन पानं उलटू लागली.

"हे कोणतं वर्ष?" ती विचारायची. चष्मेवाली सांगायची.

"या वर्षी मला कावीळ झाली होती."

पुढचं पान.

"या वर्षी आम्ही मामाकडे राहायला गेलो."

पुढचं पान. बाबा समुद्रावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"या वर्षी मी गाडी शिकले. सगळे हसले होते मला."

ती आवाज चढवत नव्हती, रडतही नव्हती. बाबांच्या एकेका वर्षाशेजारी स्वतःचं एकेक वर्ष नेऊन ठेवत होती, आणि चष्मेवालीला ते ऐकवत नव्हतं. एका पानावर बाबा सायकलची सीट धरून पळत होते, सायकलवर फ्रॉकमधली चष्मेवाली. बाईने अल्बम मिटला. खिशातून फडकं काढून स्टिअरिंग पुसलं. ते स्वच्छच होतं.

"आई जाताना मला म्हणाली, तुझे अप्पा फार सज्जन होते," ती म्हणाली. "तिला ठाऊक असणार ते जिवंत आहेत. आता सांगा, मी भांडू कुणाशी? एक खोटं बोलून गेली, एक खरं न बोलता गेला."

चष्मेवाली म्हणाली, "माझी आई आहे."

बाईने मान वर केली.

"तिच्याशी भांडा. ती कधीपासून वाट बघतेय." हे बोलताना आपण आईच्या बाजूने बोलतोय की विरुद्ध, ते तिला स्वतःलाच समजत नव्हतं. आपण हे बोललो याचाच तिला धक्का बसला होता.

बाईने समोरच्या काचेकडे तोंड वळवलं. "येईन," ती म्हणाली. "पण आज नको. भांडायला आलं तरी माणूस थोडा ओळखीचा लागतो. आधी तुमच्याकडून सगळं ऐकते. ते रागवायचे का? घोरायचे का? शेवटी आजारी होते का?"

"घोरायचे," चष्मेवाली म्हणाली. "भयंकर." आणि त्या शब्दासरशी तिला रडू फुटलं. बाईने तेच स्टिअरिंग पुसायचं फडकं तिच्यापुढे केलं.

शाळेची घंटा झाली. क्षणात दप्तरं, बाटल्या, आरडाओरडा यांनी मैदान भरून गेलं आणि पहिली पोरं बसच्या दाराशी धडकली. एक मुलगी चष्मेवालीकडे बोट दाखवून म्हणाली, "मावशी, ही कोण?"

बाई सीटवर सरळ होऊन बसली. तिने आरसा नीट केला, किल्ली फिरवली. मग मागे न बघता, इंजिनाच्या आवाजातही ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "उतरतेस की येतेस?"

"येते," चष्मेवाली म्हणाली, आणि अल्बम मांडीवर घेऊन खिडकीकडे सरकून बसली, म्हणजे शेजारी आणखी कुणाला तरी बसता येईल.