रिव्हॉल्व्हरची जोडीदार

कोल्ह्यावर झाडलेली गोळी पाण्याच्या टाकीत घुसली, आणि त्या दिवसापासून म्हाताऱ्या ऑर्विलने गुरांच्या रँचवर एकट्याने राहावे की नाही, याची चर्चा त्याच्या मुलांत सुरू झाली. मुलगी मार्लीन कॅस्पर शहरातून फोनवर भावाला ठासून म्हणाली, "बाबांना नीट नेम धरता येईल असं काहीतरी घेऊन दे, नाहीतर त्यांना माझ्याकडे आणून सोड." धाकट्या वेस्लीने पहिला मार्ग धरला. त्यात फारसे बोलावे लागणार नव्हते.

म्हणून तो वडिलांना ल्युएलाच्या बंदुकांच्या दुकानात घेऊन आला होता. ऑर्विलच्या कमरेला जुने रिव्हॉल्व्हर होते. थरथरत्या मनगटाला ते आता आवरत नव्हते. त्याच काडतुसांवर चालणारी कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची रायफल, घेतली, की दस्ता खांद्याला टेकवता येईल, दोन्ही हातांचा आधार मिळेल, आणि खिशात एकाच जातीची काडतुसे बाळगली की भागेल.

ल्युएलाने एक काळी, घडी घालता येणारी कार्बाइन काउंटरवर ठेवली. "ही अगदी हलकी आहे, काका. फक्त हिला तुमची काडतुसं चालायची नाहीत. जोडीला नवं पिस्तूल घ्यावं लागेल."

"बंदूक आहे की छत्री?" ऑर्विल म्हणाला. "आणि सून पसंत पडली म्हणून मुलगा बदलतात का, पोरी?"

शेगडीपाशी कॉफी पीत बसलेला म्हातारा थॅडियस खो खो हसला. "हा मुलगा बदलून घ्यायला माझी हरकत नाही," असे म्हणून ऑर्विलने वेस्लीच्या पाठीवर थाप मारली. वेस्ली ओशाळून हसला.

"मग ही घ्या." ल्युएलाने अक्रोडाच्या दस्त्याची कार्बाइन उतरवली, चापाभोवतीची लिव्हर खाली ओढली, आत बोट घालून ती रिकामी असल्याची खात्री केली आणि तशीच उघडी पुढे केली.

दुसऱ्याने डोळ्यांदेखत तपासली असली, तरी हाती घेणाऱ्याने पुन्हा आत पाहायचे. नळी माणसावरून कधीही फिरवायची नाही. गावातल्या दोन पिढ्यांच्या मुलांना चर्चच्या तळघरात हे ऑर्विलनेच शिकवले होते. ल्युएला त्यांतलीच एक.

ऑर्विलचा चेहरा उजळला. त्याने आत न पाहताच लिव्हर मिटली, दस्ता खांद्याला लावला, आणि डोळ्यांपुढे कोल्हा पळत असावा तशी नळी फिरवत नेली: ल्युएलाच्या छातीवरून, वेस्लीच्या चेहऱ्यावरून. मग चाप ओढला.

टक्.

थॅडियसने कप खाली ठेवला. ऑर्विलने हळूहळू नळी छताकडे वळवली. त्याच्या मानेवर लाली चढत होती.

"ही... ही कोणीतरी आधीच राखून ठेवली आहे, काका," ल्युएला खाली पाहत म्हणाली. "माझ्या लक्षातच राहिलं नाही."

"असू दे, बाळ," ऑर्विल म्हणाला, आणि झोपलेले मूल अंथरुणावर ठेवावे तशी त्याने ती काउंटरवर ठेवली.

बाहेर बर्फाळ वारा सुटला होता. ट्रकमध्ये बसल्यावर ऑर्विल समोरच्या काचेकडे पाहत म्हणाला,

"मार्लीनला फोन कर. म्हणावं, येतो."

"बाबा, इतकी घाई..."

"आता कोल्ह्याची नाही, माझी भीती आहे रे." मग तो वळला आणि त्याने मुलाकडे पाहिले, नेहमीपेक्षा जरा अधिक वेळ, काही मागावे तसे.

'मीच येऊन राहतो' हे वाक्य वेस्लीपाशी तयार होते. लॅरमी शहरातल्या त्याच्या भाड्याच्या खोलीत त्याला अडवणारे काहीच नव्हते. ते वाक्य ओठांपर्यंत आले, तिथे घुटमळले. आणि अनोळखी दारापुढून माणूस परत फिरावा तसे आतल्या आत निघून गेले.

"रस्ता निसरडा आहे," तो म्हणाला. "हळू घेतो."

"हं," ऑर्विलने मान वळवली. "वासरं विकावी लागतील."

वेस्लीने गाडी सुरू केली.