सकाळचं माप

हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून पुन्हा हॉलमध्ये अशा मापकाकांच्या साठ फेऱ्या झाल्या, तेव्हा बायकोने भाजी चिरायची थांबवली.

"अहो, आता खालचे लोक विचारायला येतील, वर पलटण उतरली का म्हणून."

"नवे बूट आहेत. पायांत रुळायला नकोत?"

"रुळतील तोवर फरशी झिजेल. एकतीस वर्षं स्टुलावर बसून काढलीत आणि आता चाळीस किलोमीटर चालायचं म्हणे."

तोंडाने ती असं म्हणाली खरी, पण गेले दोन महिने रोज पहाटे त्यांच्याआधी उठून, गजर बंद करून त्यांना चालायला उठवत होती तीच. गजर कर्कश होता आणि नवरा हट्टी. दोन्ही सांभाळायची तिला सवय होती.

मापकाका मुलांच्या हाडांच्या इस्पितळात बूट शिवत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणी लोखंडी पट्ट्यांच्या आधाराने उभं राहणारं. जिन्याखालच्या खोलीत कातड्याचा आणि सरसाचा वास कायमचा मुरलेला होता. मूल कितीही रडत आलं तरी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आधी माप." म्हणून मुलांनी त्यांचं नाव मापकाका ठेवलं. पुढे डॉक्टरही तेच म्हणू लागले, आणि खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

त्या वर्षी खोलीतलं शिवणयंत्र कायमचं बसलं. वरून निरोप आला, की आता बाहेरून तयार बूट आणू, लहान, मध्यम आणि मोठा.

"पाय म्हणजे काय अंडी आहेत?" मापकाका मोठ्या सिस्टरांना म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांचा आवाज इतका चढलेला सिस्टरांनी ऐकला नव्हता.

इस्पितळाच्या मदतीसाठी दरवर्षी पदयात्रा निघे, फाटकापासून धरणाच्या भिंतीपर्यंत. एक कातड्याचा कारखानदार त्या यात्रेला हातभार लावत असे. त्याच्या कानावर हे गेलं आणि त्याने पैज लावावी तशी अट घातली. बूट करणाऱ्याने स्वतः शिवलेल्या बुटांत चाळीस किलोमीटर चालून दाखवावं. तो भिंतीला हात लावेल त्या दिवशी नवं यंत्र माझ्याकडून.

एकसष्टाव्या वर्षी मापकाकांच्या अंगात वारं शिरलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पायांचा विचार केलेला माणूस पहिल्यांदा स्वतःच्या पायांकडे बघू लागला. सकाळी आठला, रोजच्या शिरस्त्याने, त्यांनी आपलंच पाऊल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, खाली नाव आणि तारीख घातली. उत्तम मऊ कातडं काढलं. सगळे टाके हातानेच घातले, एकेक नखाने चाचपून. इस्पितळभर बातमी झाली. मोठ्या सिस्टरांनी टाचांना लावायला मलमाची डबी दिली. स्वयंपाकघरातल्या बाईंनी पैज लावली आणि कुणाच्या बाजूने ते सांगायचं टाळलं.

निघायच्या दिवशी फाटकाशी दीडशे माणसं जमली. खिडक्यांतून मुलं ओरडत होती. पायाला प्लास्टर घातलेला एक जण नर्सच्या कडेवरून हात हलवत होता. कधी नव्हे ते बायकोनेही रुमाल हलवला आणि लगेच त्याने नाक पुसल्यासारखं केलं. मापकाकांना वाटलं, आपण चालत नाही आहोत, आपल्याला कुणीतरी उचलून नेतं आहे.

पहिले वीस किलोमीटर ते तसेच गेले. गुडघे गप्प होते, बूट लोण्यासारखे. तरुण पोरं मागे पडली की ते वळून म्हणत, "काय रे, बाजारचे बूट का?" दुपारी झाडाखाली डबा खाताना त्यांनी चार जणांना टाक्यांची शिवण दाखवली.

दुपार कलली तशी डाव्या करंगळीने कुरकूर सुरू केली. मग उजवीने. तिसाव्या किलोमीटरला दोन्ही चवडे कुणीतरी शिकंज्यात धरल्यासारखे झाले. मागून इस्पितळाची गाडी हळूहळू येत होती, दमलेल्यांना उचलायला. ड्रायव्हरने दोनदा मान बाहेर काढून विचारलं. मापकाकांनी दोनदा नको म्हणून हात हलवला, तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मात्र हात वर जाईना.

पस्तिसाव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलापाशी टकटक उभी होती. डाव्या बुटाचा तळ तीन बोटं जाड, त्याचा फरशीवर आवाज होई म्हणून काकांनीच ठेवलेलं नाव. पाच वर्षांची होती तेव्हापासून त्यांच्याच बुटांत वाढली. आता शाळेत शिकवत होती, आणि शेवटचे पाच किलोमीटर ती काकांबरोबर चालणार हे महिन्यापूर्वीच ठरलं होतं. काका टेबलाशेजारच्या दगडावर बसले. त्यांना पाय ओढत येताना तिने पाहिलं होतं. ती म्हणाली, "चावायला लागले ना?"

"सकाळी हातमोज्यासारखे बसले होते गं. कुठे चुकलं कळत नाही."

"चुकलं काहीच नाही. तुमचे बूट दुपारनंतर चावतातच."

मापकाकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"कुणाचे?"

"माझे. सगळ्यांचेच. आम्ही पोरं शाळा सुटली की बाकाखाली नाड्या सोडायचो."

"एकवीस वर्षांत बोलली नाहीस?"

"काय बोलणार? दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे यावं, तुम्ही अंगठा दाबून बघावं, बूट अगदी बरोबर. मला वाटायचं, माझ्या पायाचीच खोड असेल."

काकांनी बुटांवरूनच दोन्ही करंगळ्या चाचपल्या. मापाची वेळ सकाळी आठ ते दहा. त्यांच्याआधीच्या कारागिराची तीच होती, तीच त्यांनी चालवली. रात्रभर आडवं पडलेलं पाऊल सकाळी सगळ्यात बारीक असतं, दिवसभर भार वाहून ते फुगतं, हे आज त्यांना त्यांच्याच करंगळ्या सांगत होत्या.

गाडी शेजारी येऊन थांबली. ड्रायव्हरने दार उघडलं.

मापकाकांनी खिशातून रापी काढली. कातडं कापायची ती छोटी सुरी सवयीने बरोबर आली होती. स्वतःच घातलेल्या टाक्यांवर त्यांनी क्षणभर बोट फिरवलं, मग दोन्ही बुटांना करंगळीपाशी उभी चीर दिली. मोज्यातली बोटं बाहेर आली. ते उठले आणि चार पावलं टाकून बघितलं.

"चल. तू पुढे हो, मी तुझ्या टकटकीवर येतो."

ते पाच किलोमीटर नंतर कितीतरी वर्षं इस्पितळात सांगितले जात. पुढे काठी टेकत टकटक, मागे बोटं बाहेर काढलेले मापकाका, आणि त्यांच्यामागे टाळ्या वाजवत सगळी पोरं, सकाळी हिणवलेली धरून. धरणाच्या भिंतीवर त्यांनी दोन्ही तळहात टेकले तेव्हा ड्रायव्हरने असा हॉर्न वाजवला की पाण्यावरचे बगळे उडाले.

कारखानदार हसत पुढे आला आणि त्याची नजर खाली गेली.

"हे काय?"

"बूट चुकले, साहेब. चालून आलो, पण चुकले. माप सकाळी घेतलं होतं." मापकाकांनी सरळ सांगून टाकलं. "यंत्राचं तुम्ही ठरवा."

कारखानदाराने गुडघ्यावर बसून ती चीर निरखली. त्याचाही जन्म कातड्यातच गेला होता. उठून त्याने एवढंच विचारलं, की यंत्र जिन्याखालच्या त्या दारातून आत जाईल का.

लोक चहाकडे वळले. बायको बसने येऊन थांबली होती, हातात सपाता. काकांनी त्या घेतल्या आणि बाजूला ठेवल्या.

"टकटक, बस इथे. बूट काढ."

"आता? काका, आधी चहा तरी घ्या."

"आधी माप."

पदयात्रेच्या नकाशाची मागची बाजू कोरी होती. दिवसभर भार वाहिलेलं तिचं पाऊल त्यांनी त्यावर ठेवलं, भोवती पेन्सिल फिरवली आणि मग त्या आकृतीवर तिचा बूट उभा केला. चवड्यापाशी बुटाच्या दोन्ही बाजूंनी रेघ बाहेर दिसत होती.

त्यांनी खाली तिचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. मग बायकोच्या मनगटावरचं घड्याळ आपल्याकडे वळवून पाहिलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याखाली आणखी एक ओळ घातली: संध्याकाळचे पावणेसात.