बापाचा रकाना

“मास्तर, हे पुसा.”

शाळा कमिटीचे पंच कुंडलिकराव वहाणा न काढताच वर्गात आले होते. पाठोपाठ वाडीतला रावजी आणि आणखी दोघं. चौथीची पोरं जागच्या जागी गप्प झाली.

रामहरी मास्तर पुण्यात ट्रेनिंग घेऊन पळसदेवजवळच्या या वाडीवर आले होते. आकडे डोळ्यांना दिसले की पोरांना कळतात, असा त्यांचा अनुभव होता. भिंतीवर रकाने आखायचे आणि पोरांनी गेरूत अंगठा बुडवून एकावर एक ठसे उठवायचे. आधी त्यांनी असा पाऊस दाखवला, मग घरोघरची गुरं. या आठवड्यात मात्र वेगळंच विचारलं होतं. दुखलंखुपलं, भीती वाटली, तर घरात कुणाला सांगता?

आईचा रकाना खिडकीच्या वर गेला होता. त्याखालोखाल आजीचा, बहिणीचा. धनगराच्या बिरूनं कुत्र्यासाठी वेगळा रकाना मागून घेतला होता. ‘बाप’ लिहिलं होतं तिथं चुना तसाच पांढरा होता.

“आपली माणसं आपल्याला जवळची कशी होतात, हे पोरांशी बोलायचं होतं,” मास्तर म्हणाले. “मी फक्त विचारलं. ठसे त्यांचे आहेत.”

“राबतो कोण? खायाला घालतो कोण?” रावजी पुढं सरला. “पोरास्नी बापाच्या इरुद्ध उठवताय तुमी.”

“पुसतो. पण यात खोटं काय आहे ते दाखवा.”

“दावतो,” कुंडलिकराव म्हणाले. “सिंधे, हिकडं ये.”

त्यांची मुलगी उठली.

“सांग मास्तरला. कुणाला सांगतीस?”

सिंधूनं मास्तरांकडं पाहिलं, मग बापाच्या पायांकडं. “आबास्नी.”

“मग उठीव ठसा.”

तिचा अंगठा भिंतीवरून घसरला आणि लांब ओरखडा उमटला. मग रावजीचा पोरगा उठला. त्याच्यामागं बाकीचे, कुणी न सांगता. बापाचा रकाना भराभर वर चढला. बिरू तेवढा बसून राहिला.

“झालं समाधान?” कुंडलिकरावांनी विचारलं.

मास्तरांनी ओलं फडकं उचललं आणि आत्ताचे ठसे पुसले. तेवढेच. खालच्या रेघेपर्यंत त्यांनी नीट पुसलं.

“भ्यालेल्या पोरांकडून घेतलेलं मला शिकवता येत नाही.”

कुंडलिकराव दाराकडं वळले. मग म्हणाले, “वाडीचं पाणी मानवलं न्हाय तुमास्नी.”

दुसऱ्या दिवशी मास्तरांची बायको चंद्राबाई रिकामा हंडा घेऊन परत आली.

“विहिरीवर मला दोरच दिला नाही,” ती म्हणाली. “काय अडलं होतं सगळं पुसायला?”

“खरं होतं ते.”

“खऱ्याचं काय करायचं मी? त्यात भात शिजतो का?”

चंद्राबाई हंडा उचलून भीमा नदीवर गेली. पुढं रोजच जाऊ लागली, चढावर दम खात. शाळेतली पोरं कमी होत गेली. सिंधूला तर घरीच बसवलं. एका सकाळी मास्तर वर्गात आले तेव्हा भिंतीला कुणीतरी नवा चुना फासला होता. मग बदलीचा हुकूम आला. कळसच्या शाळेत जायचं होतं.

वाडीत कुणी गाडी दिली नाही. पळसदेवहून भाड्याची आणावी लागली. सामान लादून ती शिवेजवळ आली तेव्हा पुढं कुंडलिकराव आणि सिंधू शेतावरून येत होती. पोरीच्या डोक्यावर गवताचा भारा होता आणि ती लंगडत होती.

“पायाला काय झालं?” कुंडलिकराव विचारत होते.

“काय न्हाय, आबा.”

“काटा हाय का? बघू.”

“न्हाय.” आणि ओठ आवळून ती सरळ चालू लागली, पाय पुरता टेकवत.

गाडीला वाट द्यायला कुंडलिकराव कडेला झाले. मास्तरांची आणि त्यांची नजर भिडली. कुंडलिकरावांच्या डोळ्यांतला राग कमी झालेला नव्हता. चंद्राबाईनं पदर ओढून तोंड फिरवलं.

ओढ्याच्या उतारावर मास्तरांनी मागं वळून पाहिलं. पोरगी वाडीच्या तोंडाशी पोहोचली होती. कुंडलिकराव अजून वाटेच्या कडेलाच उभे होते.